मोरीतून पाणी उलटं येतंय? फरशी फोडायच्या आधी पाण्याची वेळ बघा

मागच्या पावसाळ्यात आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात, तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या मोरीतून पाणी वर यायला लागलं. काकू सत्तरी पार, एकट्या राहतात, आणि सकाळी उठून बघावं तर मोरीत घोटाभर काळपट पाणी. प्लंबरभाई आले, दारातच उभं राहून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आखी लाइन बदलवी पडशे, टाइल्स बी तोडवी पडशे," म्हणजे सगळी लाइन बदलायची आणि टाइल्सही फोडायच्या. चाळीस हजारांचा आकडा सांगून गेले. काकूंनी मला वरून हाक मारली. मी फक्त एकच विचारलं, काकू, पाणी नक्की कधी येतं? "अरे पाऊस आला की येतं, दुसरं काय." मी म्हटलं तीन दिवस वहीत लिहा, वेळ, पाऊस होता का नव्हता, पाणी कसं होतं. काकूंची जुनी सवय, हिशोबाची वही घेऊन बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी वहीत हे होतं: सोमवार सहा चाळीस संध्याकाळ, पाऊस नाही, पाण्यावर पांढरा फेस. मंगळवार, दुपारी जोराचा पाऊस, पाणी आलं नाही. बुधवार सात वाजता, पाऊस नाही, फेस, साबणाचा वास.

पाऊस नव्हताच हो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी ऑफिसमधून आल्यावर वॉशिंग मशीन लावायच्या, आणि त्या मशीनचं पाणी पुढे जायला जागा नव्हती म्हणून सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे काकूंच्या मोरीतून वर यायचं. बोळातल्या कुंडीचं, म्हणजे ड्रेनेजच्या चेंबरचं, झाकण एका कोपऱ्यात फुटलं होतं, पहिल्या दोन-तीन पावसात बोळातली माती तिथून आत गेली आणि पाइपचं तोंड अर्धं बुजलं. अर्ध्या तोंडातून बादलीभर पाणी जायचं, मशीनचं एकदम सुटणारं पाणी जायचं नाही, एवढंच. बांबूची पट्टी मारून अर्ध्या तासात मोकळं झालं, नवीन झाकण बसवलं, फरशी एकही फुटली नाही.

तेव्हापासून ओळखीत कोणाकडे पावसात ड्रेनेजचा प्रॉब्लेम झाला की मी आधी हेच सांगतो, की कुठलं पाणी आहे ते कळल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. कसं ओळखायचं ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी घड्याळ

पाऊस सुरू झाल्यापासून किती वेळाने पाणी येतं, यावरून अर्धं निदान होतं. पाऊस सुरू झाला आणि दहा-पंधरा मिनिटांत आलं, थांबल्यावर लगेच उतरलं, तर पाणी तुमच्याच गच्चीचं किंवा अंगणाचं आहे, बाहेर बघायला जाऊच नका. तास-दीड तास जोराचा पाऊस झाल्यावर आलं आणि हळूहळू उतरलं तर गल्लीची किंवा सोसायटीची मेन लाइन भरतेय. आणि पाऊस थांबून बारा तास झाले, ऊन पडलं, तरी पाणी चढतंय, तर ते पाणी नदीचं.

हे तिसरं बडोद्याबाहेरच्या लोकांना पटकन कळत नाही. आपली विश्वामित्री नदी पावागढकडून येते, वरच्या भागात पाऊस झाला आणि आजवा तलावातून पाणी सुटलं की इथे थेंबही पडत नसताना नदी चढते. शहरातल्या वरसादी कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे नाले, भूखी कांस, रूपारेल कांस वगैरे, शेवटी नदीकडेच जातात, मग नदीची पातळी कांसच्या तोंडापेक्षा वर गेली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी तिथेच तुंबतं नाहीतर उलटं आत शिरतं. काळा घोडा पुलावर 26 फूट ही धोक्याची पातळी धरतात. ऑगस्ट 2024 मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली होती आणि पाऊस ओसरल्यावरही बऱ्याच भागात पाणी उतरत नव्हतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी प्लंबर काहीही करू शकत नाही, त्याला बोलावून पैसे घालवू नका, त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि चौथी शक्यता काकूंची, म्हणजे पावसाशी वेळ जुळतच नाही. मग घरातलं कोणतं पाणी त्या वेळी सुटतं ते बघायचं: मशीन, वरच्यांची आंघोळ, टाकी ओव्हरफ्लो होणं. कॉर्पोरेशनचं पाणी यायच्या वेळेलाच भिंत ओली होत असेल तर तो ड्रेनेजचा प्रश्नच नाही, नळाची लाइन गळतेय. पाणी ठराविक वेळेला येत असेल तर हे ओळखणं सोपं जातं.

पाण्याचा वास, रंग, फेस

वेळेच्या शेजारी हेही लिहा. साबणाचा फेस म्हणजे कोणाच्या तरी मोरीचं किंवा मशीनचं. काळं, सडका वास, वर तेलकट तवंग म्हणजे गटर लाइन. मातकट, थंड, वास फारसा नाही म्हणजे पावसाचं किंवा अंगणातलं. एकदम स्वच्छ आणि सतत थोडं थोडं पाझरणारं म्हणजे एकतर नळाची गळती, नाहीतर जमिनीत वर आलेलं पाणी. वासाची एक खरंच उपयोगाची गोष्ट आहे: पाणी येत नाही पण पावसात नुसता घाण वास येतो, मोरीतून गुडगुड आवाज येतो, तर समजा की नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागातून, गटरातली हवा वर येतेय. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं राहायला हवं, तेच गटरातली हवा अडवतं. लाइन भरली की आतली हवा दाबली जाते, वेंट पाइप, म्हणजे ती हवा वर सोडणारा पाइप, बंद असेल तर ती तुमच्या ट्रॅपमधून वाट काढते. वेंट पाइपचं वरचं तोंड जाऊन बघा, कबुतराचं घरटं निघतं बऱ्याचदा. आणि जी मोरी रोज वापरात नाही तिच्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, तिथला ट्रॅप सुकून वास येत असतो आणि लोक उगाच चेंबर उघडत बसतात.

एकच तुंबलंय की सगळंच

बादली घ्या. सिंकमध्ये एक बादली ओता, बघा. मग मोरीत, मग चोकडीत, म्हणजे भांडी-कपडे धुवायच्या जागेत, मग कमोडमध्ये. प्रत्येक वेळी बाकीच्या तोंडांकडे कोणीतरी लक्ष ठेवा. एकच तोंड तुंबत असेल तर प्रॉब्लेम त्याच्याच ट्रॅपमध्ये किंवा पुढच्या हातभर पाइपमध्ये आहे, सिंक असेल तर नव्याण्णव टक्के तेल. पाऊस आला की दाळवडे, भजी होतात आणि तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये जातं, ते गार पाण्यात थिजून पाइपला आतून थर धरतं. गणपतीच्या दिवसांत त्यात फुलं, दुर्वा, तांदळाचे दाणे. हे सगळं वेगळ्या डब्यात काढायची सवय लावा, तुंबलेलं खाली ट्रॅप उघडून हाताने काढा. ॲसिड ओतू नका, जुन्या पाइपचे सांधे खातं, आणि आधी कोणी दुसरं केमिकल टाकलं असेल तर विषारी वायू होतो.

सिंकमध्ये पाणी ओतलं आणि मोरीत वर आलं, तर अडथळा दोघांच्या पुढे आहे. सगळ्यात खालच्या तोंडातून येतंय म्हणून खालच्याचा दोष असं कधीच नसतं, पाणी सोपी वाट शोधतं. तळमजल्यावाल्यांनी हे वरच्यांना शांतपणे समजावून सांगा, अपार्टमेंटमध्ये यावरून भांडणं होताना मी बघितली आहेत आणि खर्च मात्र खालचा एकटाच करतो, ते बरोबर नाही.

कुंडी म्हणजेच चेंबर उघडून बघणं

इथे खरं उत्तर मिळतं. घरापासून रस्त्यापर्यंत किती चेंबर आहेत ते कोरड्या दिवशीच मोजून एका कागदावर आकृती काढून ठेवा, पावसात टॉर्च घेऊन शोधायला लागू नका. झाकण सळईने उचला, उचलल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच उघडं राहू द्या, लांब उभे राहा, वर वाकून श्वास घेऊ नका आणि काडी, विडी, लायटर काहीही जवळ नको, आतला वायू पेट घेतो.

आता घराकडून बाहेरच्या बाजूला क्रमाने बघत जा. पहिलं चेंबर भरलेलं आणि दुसरं रिकामं, तर अडथळा बरोबर त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे, तेवढाच भाग साफ करायचा. सगळी चेंबर भरलेली आणि रस्त्यावरचं मॅनहोल पण भरलेलं, तर मेन लाइन तुंबलीय, तुमच्या घरात काहीच करायचं नाही, कॉर्पोरेशनला कळवायचं. सगळी रिकामी आणि तरी मोरीत पाणी, तर अडथळा घराच्या आत, पहिल्या चेंबरच्या आधी. बस, एवढ्यावरून फरशी कुठे फोडायची किंवा नाही फोडायची ते ठरतं. काकूंचं असंच सापडलं, मशीनचं पाणी सुटल्यावर बोळातली कुंडी काठोकाठ आणि पुढची जवळजवळ रिकामी.

रिकाम्या चेंबरमध्ये भिंतीवरच्या खुणा पण बघा. तळापासून दीड फुटावर काळा पट्टा आणि चिकटलेला कागद दिसला तर लाइन तिथपर्यंत नेहमी चढते, आज नाही दिसलं तरी. तळाला वाळू आणि खडी जमली असेल तर कुठूनतरी बाहेरची माती आत येतेय, फुटलेलं झाकण किंवा तुटलेला पाइप. बारीक केसासारख्या मुळ्यांचा गुच्छ दिसला तर सांध्यातून झाड आत आलंय, जवळ पिंपळ, उंबर असेल तर नक्कीच.

एक गोष्ट मनापासून सांगतो. कोणालाही चेंबरमध्ये किंवा खाळकुव्यात, म्हणजे संडासाच्या शोषखड्ड्यात, उतरवू नका, "दोनच मिनिटं", "आम्ही नेहमी उतरतो" असं ते स्वतः म्हणाले तरी नाही. आत वास न येणारा वायू सुद्धा असतो, माणूस एका श्वासात पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने सुरक्षेची साधनं न देता हे काम करून घेणं गुन्हा आहे. पट्टी, रॉड, जोराच्या पाण्याने साफ करणारं जेटिंग मशीन, सगळं वरून होतं.

गच्चीचं पाणी कुठे जातं

बडोद्यात ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि बऱ्याच घरमालकांना माहीतच नसते. संडास-मोरीची ड्रेनेज लाइन वेगळी आणि पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी असायला हवी. पण बांधताना किंवा नंतर कधीतरी गच्चीचा पाइप जवळ पडतो म्हणून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडून दिलेला असतो. हिशोब करून बघा, हजार चौरस फुटाच्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे जवळजवळ 2,360 लिटर पाणी. दीडशे बादल्या. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 20 इंचाच्या आसपास पडला होता, म्हणजे एका गच्चीवर 47 हजार लिटर. हे सगळं घरगुती वापराच्या 4 इंची पाइपात घालायला गेलात तर ते मोरीतून वर येणार नाही तर काय होणार.

तपासायचं असं: पाऊस नसताना गच्चीवरच्या पाइपच्या तोंडात बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ घोळवून ओता, खाली एकाने चेंबर उघडून उभं राहायचं. निळं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दिसलं तर सापडलं. पाइप तिथून काढून अंगणात, वरसादी गटरीकडे किंवा पाणी जमिनीत जिरवायच्या रिचार्जच्या खड्ड्याकडे वळवा. पाइप बाहेरून असेल तर एका दिवसाचं काम आहे, आणि खर्चाच्या मानाने याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचाही नाही असं माझं ठाम मत आहे. हजार फुटी गच्चीला 4 इंची पाइप कमीत कमी दोन हवेत, एक बुजला तर दुसरा चालतो.

गच्चीवरची जाळी जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः वर जाऊन बघा. आपल्याकडे उत्तरायण झाल्यावर मांज्याचे गुंते आणि पतंगाचे कागद जानेवारीपासून गच्चीवर पडून असतात, त्यात आसोपालवाची (अशोकाची) पानं आणि धूळ मिसळते, आणि पहिल्या पावसात हा सगळा लगदा पाइपच्या तोंडावर जाऊन बसतो. मागच्या वर्षी एका तोंडातून मी मांज्याची मूठभर गुंडाळी काढली, तिच्यात पिसं, पानं आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अशी गच्च विणली गेली होती की कात्रीने कापावी लागली. हातमोजे घाला, मांजा हात कापतो. जाळी काढून फेकू नका, मग तेच सगळं पाइपच्या बेंडमध्ये अडकतं.

रात्रीची काठी

वरचं सगळं करूनही कळत नसेल तर ही टेस्ट करा. रात्री झोपताना घरातलं, आणि लाइन कॉमन असेल तर वरच्यांचंही, पाणी वापरणं बंद करायचं. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये एक काठी उभी करून पाण्याच्या पातळीला खडूने खूण करायची. सकाळी पहिला नळ उघडायच्या आधी बघायचं. पातळी खाली गेली तर लाइन मोकळी आहे पण स्लो आहे, म्हणजे गाळ किंवा कमी उतार. 4 इंची पाइपला दहा फुटांत दोन इंच तरी उतार हवा. जशीच्या तशी राहिली तर पूर्ण ब्लॉक. आणि कोणी थेंब वापरला नसताना वाढली, तर पाणी बाहेरून येतंय, मेन लाइनमधून उलटं किंवा तुटलेल्या सांध्यातून जमिनीतलं.

शहराच्या कडेला जिथे अजून खाळकुवे आहेत तिथेही हीच काठी. खाळकुवा उपसला आणि घरातलं काही न वापरता दोन दिवसांत परत भरला, तर तो तुमच्या पाण्याने भरत नाहीये, जमिनीतलं पाणी वर आलंय. अशा वेळी पुन्हा पुन्हा टँकर बोलावून उपसू नका, पैसेही जातात आणि रिकाम्या खड्ड्याच्या भिंतीवर बाहेरच्या ओल्या मातीचा दाब येऊन ती ढासळू शकते. पाणी कमी वापरा, कपडे बाहेर धुवा, आणि पाऊस संपल्यावर काम काढा.

भिंतीची ओल

थोडक्यात सांगतो कारण हा वेगळा विषय आहे. जमिनीपासून दोन-तीन फूट, एकसारखी, पांढरा लोणा धरलेली ओल जमिनीतून चढते. छताकडून खाली येणारी गच्चीची. मोरीच्या मागच्या भिंतीवर गोल डाग असेल तर तिथला पाइप किंवा ट्रॅपचा सांधा, ट्रॅपचं तोंड चिंधीने बंद करून मोरीत दोन इंच पाणी चोवीस तास ठेवा, पलीकडे डाग वाढला की कळलं. गच्चीवर मात्र पाणी भरून ठेवायची टेस्ट जुन्या लाकडी कड्यांच्या घरात अजिबात करू नका, हजार फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साडेचार टनाच्या वर वजन होतं.

नदीचं पाणी असेल तेव्हा

मोरी आणि कमोडमधून येणारं पाणी थोडा वेळ अडवता येतं. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत वाळू किंवा माती भरून ती तोंडात बसवा, वर वजन ठेवा. ज्यांच्याकडे दर वर्षी होतं त्यांनी शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा, बसवून घ्या, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्हॉल्व्ह बंद असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, म्हणजे त्या वेळी नळ, फ्लश, मशीन बंद. आणि गच्चीचा पाइप त्याच लाइनमध्ये सोडलेला असेल तर व्हॉल्व्ह बसवून तुम्ही स्वतःच्याच गच्चीच्या पाण्यात बुडाल, आधी तो पाइप काढा. जूनमध्ये एकदा व्हॉल्व्हची पट्टी उघडून साफ करायची, खडा अडकला की तो बंदच होत नाही.

पाणी प्लगच्या उंचीकडे यायला लागलं की मेन स्विच बंद करा, आणि तोही कोरड्यात उभं राहून. पाणी ओसरल्यावर अंगणातल्या कुंडीची झाकणं हाताने उघडू नका, साप हमखास असतात. नदीतून आलेली मगर दिसली तर काठी घेऊन मागे लागू नका, वनविभागाला फोन करा.

आणि अंडरग्राउंड टाकी. तिचं झाकण जमिनीच्या लेव्हलला असेल आणि अंगणात गटरीचं पाणी शिरलं असेल, तर आतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी वापरू नका, लहान मुलांच्या जुलाब-काविळीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. पूर्ण रिकामी करा, ती सुद्धा पंपाने, भिंती ब्रशने घासा, मग ताजं पाणी भरून दर हजार लिटरला 150 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून वरची निवळी टाका, रात्रभर ठेवा, हे पाणी नळांतूनही थोडं सोडा म्हणजे पाइप धुतले जातील, आणि सकाळी सगळं काढून टाका. त्यानंतर भरलेलं पाणी पुढचे पंधरा दिवस तरी उकळूनच प्या. झाकणाभोवती वीतभर उंच कडं बांधून घ्या. काकूंच्या टाकीला आम्ही दिवाळीत बांधलं, दोन पाट्या सिमेंट-वाळू आणि काही विटा, एका दुपारचं काम.